मामाजी गाडी पाहायला येतात

“घरात माणसं किती, मॅडम?” शोरूममधल्या मुलीनं विचारलं, आणि मोहिनी म्हणाली, “आत्ता पाच. पुढे चारच.”

मुलीनं मान हलवली आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. तिच्या दृष्टीनं ते साधंच उत्तर होतं. कोणाची मुलगी लग्न होऊन जाते, कोणाचा मुलगा पुण्याला जातो, माणसं कमी होतातच. पण मोहिनीच्या कानात तिचाच आवाज मागं राहिला. तो किती सहज आला होता; तोंडात आधीपासून तयार असल्यासारखा. तिच्या मागं तीन पावलांवर तिचे सासरे तानबाजी, घरातले मामाजी, एका चंदेरी गाडीच्या टपावर तळहात ठेवून उभे होते. तिनं वळून पाहिलं नाही. आधी तिनं मनात मोजलं, की मामाजींचा डावा कान गेल्या दोन वर्षांत जवळजवळ बंद झालाय आणि उजवा चांगला आहे. मग ते आत्ता कोणत्या बाजूला तोंड करून उभे आहेत? काचेकडे असतील तर उजवा कान इकडे येतो. दाराकडे असतील तर डावा. शेवटी तिनं पाहिलं. ते कोणाकडेच पाहत नव्हते. गाडीच्या टपावरून हात फिरवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दवाखान्याच्या बाकावर बसलेले असताना असतो तसा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, सभ्य असा भाव होता. त्यावरून काहीच कळेना.

नव्या रबराचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा मिळून एक वास तिथं होता, आणि थंडगार हवा. बाहेर वर्ध्याचं मार्चमधलं ऊन पांढरं पडलं होतं. रक्षा नावाची ती मुलगी, छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव होतं, गोड आवाजात मायलेज सांगत होती, आणि मोहिनी मान हलवत होती, आणि आत कुठंतरी तेच चालू होतं. पुढे चारच. कोणी शिकवलं हे आपल्याला? केव्हापासून आपण हा आकडा जवळ बाळगून आहोत?

खरं तर ती गाडी घ्यायला आली होती ती या पाचव्या माणसासाठीच. चौदा महिन्यांपूर्वी मामाजींच्या दोन्ही किडन्या थकल्या असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुलगावहून देवळीमार्गे सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात डायलिसिसला जाणं हा घराचा नेम झाला. नवरा, हेमराज, बुटीबोरीला कारखान्यात. तो शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. मुलं शाळेत. राहिली मोहिनी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्लाऊज-ड्रेस शिवण्याचं दुकान आहे, त्यावर मंगळवार-शुक्रवार बंद अशी पाटी लावून तिनं दिराची जुनी व्हॅन चालवायला घेतली. चाळिशीत शिकलेली ड्रायव्हिंग. पहिले दोन महिने समोरून एसटी आली की ती श्वास रोखून धरायची, आणि एसटी गेल्यावर मागून मामाजी म्हणायचे, “गेली ते. सोड आता श्वास.” ते नेहमी तिच्या बरोब्बर मागच्या सीटवर बसायचे. डाव्या हातात डॉक्टरांनी शीर जोडून दिली होती, सुया तिथंच टोचायच्या, त्यामुळं त्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही. उजवीकडं बसलं की डावा हात मोकळा राहतो, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. त्या हाताला बोट लावलं की आत काहीतरी सारखं घरघरायचं. मोहिनीची मुलगी रीता कान लावून ऐकायची. “आबा, तुमच्या हातात काय हाय वो?” मामाजी म्हणायचे, “मोटारपंप बसवला डॉक्टरनं. लाइट नसली तरी चालते.”

पंधरा दिवसांपूर्वी ती व्हॅन देवळीच्या पुढं बंद पडली. येताना. जाताना पडली असती तर निदान ते ताजे होते. डायलिसिस झाल्यावर त्यांच्या अंगातलं सगळं कोणी पिळून काढल्यासारखं होतं, ओठ पांढरे पडतात, बोलणं एकेका शब्दावर येतं. दुपारचं ऊन, दोन्हीकडं कापलेल्या हरभऱ्याची शेतं, एक पळस तेवढा पेटलेला, आणि सावलीला एक बाभूळ. मोहिनीनं चार वेळा किल्ली फिरवली. पाचव्या वेळी आवाजसुद्धा आला नाही. मग ती खाली उतरली आणि तिनं, वयानं एक्केचाळीस, दोन मुलांची आई, भर रस्त्यात व्हॅनच्या चाकाला लाथ मारली. एकदा, दोनदा. आणि रडायला लागली. मागच्या सीटवर आडवे झालेले मामाजी खिडकीतून बोलले, “नोको मारू, बाई. मुकी हाय ते.” तिनं तोंड पुसलं. त्यांना पाणीही हवं तेवढं देता येत नाही, दिवसाचं माप ठरलेलं. तिनं बाटलीच्या झाकणात ओतून दोन झाकणं दिली. अर्ध्या तासानं एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून व्हॅन देवळीपर्यंत ओढत नेली. त्या ओढत जाण्यात, दोर ताणला की बसणाऱ्या एकेका हिसक्यात, मागून आवाज आला, “मोहिनी, आता पुरे कर हे जानंयेनं.” तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. इंजिन बंद होतं, त्यामुळं ऐकू न येण्याला काही कारणच नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर ते बोलले नाहीत पुन्हा. पण पुढच्या मंगळवारी त्यांची आंघोळ लांबली. शुक्रवारी चप्पल सापडेना. अर्धा तास शोधली, आणि ती त्यांनीच खाटेखाली सरकवलेली निघाली. मोहिनीनं चप्पल त्यांच्या पायांपुढं ठेवली तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. ते हसू तिला फार लागलं. हेमराजला तिनं फोनवर सांगितलं, की नवी गाडी घ्यायची, भरवशाची, माझ्यानं आता रस्त्यात थांबणं होणार नाही. हेमराज लगेच हो म्हणाला. त्याचं प्रेम असंच, लगेच हो म्हणणारं आणि मग लांबून मदत करणारं. आठ दिवसांत त्यानं तिला गाड्यांचे वीस-बावीस व्हिडिओ पाठवले. प्रत्येकात एक माणूस मोठ्या आवाजात दार उघडायचा, लावायचा आणि त्या आवाजावरून गाडी कशी आहे ते सांगायचा. मोहिनी काजं करता करता ते ऐकायची आणि शेवटी तिला सगळ्या गाड्यांची दारं सारखीच वाटायला लागली. कामाची गोष्ट सांगितली ती गॅरेजवाल्या महादेवरावांनी, व्हॅनच्या पोटाखालून. “वहिनी, व्हिडिओ-फिडिओ सोडा. जे गाडी आपल्या गावात धा जनाइकडं हाय ते घ्या. बिघडन ते सगळंच बिघडते कवा न कवा. पार्ट पुलगावात भेटला पाह्यजे.” आणि काल रात्री जेवताना ती म्हणाली, उद्या वर्ध्याला गाडी पाहून येते, तर मामाजी ताटावरून मान वर करून म्हणाले, “मी येतो.” बुधवार म्हणजे त्यांचा चांगला दिवस. तरी तिला आश्चर्य वाटलं. मग भीती वाटली. ते नाही म्हणायलाच येतायत, तिला वाटलं. तिथं, लोकांच्या समोर म्हणतील, माझ्यापायी गाडी घेऊ नका.

आणि झालं काय, तर बोलून बसली ती स्वतःच.

“मॅडम, तुमच्या बजेटमध्ये या तीन येतात,” रक्षा म्हणाली. एक होती ती बुटकी, लाल, सगळ्यात स्वस्त, पेट्रोल कमी पिणारी. दुसरी उभट, डब्यासारखी, छप्पर उंच. तिसरी लांब, मागं ऐसपैस, तीन माणसं बसतील किंवा एक माणूस पाय दुमडून झोपेल. पण तिचं सगळ्यात साधं मॉडेल त्यांच्या आवाक्यात कसंबसं बसत होतं. मोहिनी घरून निघाली ती लांबडी ठरवूनच. एक माणूस झोपेल. पण आता त्या लांबड्या गाडीपुढं उभी राहून तिला स्वतःचाच संशय आला. मग ‘पुढे चारच’ म्हणणारी कोण होती? ती लालकडं पाहत होती का? शोरूमच्या दारातून आत येताना पहिली नजर लालवर गेली होती, आणि क्षणभर तिला दिसलं होतं, ती एकटी, लाल गाडीतून हिंगणघाटला माहेरी चाललीय, काच खाली, मागची सीट रिकामी. किती सुखाचं होतं ते दिसणं. त्यात कोणाचं मरण नव्हतं. फक्त कोणी नव्हतं.

हे पहिल्यांदा नव्हतं, हेही तिला आता आठवायला लागलं. मामाजींचे शर्ट तीच शिवते. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, सात वर्षांपूर्वी गेल्या तेव्हापासून त्यांच्या अंगावरचं सगळं तिच्याच हातचं. गेल्या वर्षभरात तिनं ते शर्ट तीनदा उसवून आत घेतले. खांदा अर्धा इंच, छाती दोन इंच, पुन्हा दोन इंच. माणूस कमी होतो तो आधी टेपला कळतो. दर वेळी ते म्हणायचे, “आतलं कापू नोको हं. पुन्हा भरलो तं?” आणि ती शिवणीतली माया कापायची नाही; आत दुमडून ठेवायची, इतकी की शर्ट काखेत जाड लागायचा. पण याच हातांनी, दिवाळीच्या आधी, कापडांचे गठ्ठे ठेवायला जागा नव्हती तेव्हा, तिनं मामाजींच्या खोलीच्या दारात उभं राहून मनातल्या मनात टेप टाकला होता. खाट आहे तिथं ओव्हरलॉकचं मशीन बसेल. खिडकीचा उजेडही येईल. तेवढ्यात खाटेवरून ते म्हणाले होते, “काय पाह्यतं वो?” आणि ती म्हणाली होती, “काई नाई, जाळं दिसलं.” झाडू आणून तिनं नसलेलं जाळं काढलं होतं. तिला त्या क्षणाची लाज तेव्हा वाटली नव्हती. आत्ता वाटत होती, पाच महिन्यांनी, थंड हवेत, कानांपर्यंत.

“आजोबांना विचारू या ना,” रक्षा म्हणाली. “जुन्या लोकांना बैलांची पारख असते. एका नजरेत सांगतात. हो ना आजोबा?”

मामाजी तिच्याकडं वळले. उजवा कान पुढं करून. म्हणजे ऐकू येत होतं. “पारख?” ते म्हणाले. “मी उभ्या जन्मात सहा बैल घेतले. त्यातले दोन मारके निघाले, एक वाटंत बसे. मायी बायको मने, तुमी बैल आनाले जाऊ नोका, तठी कोनी बी सांगतलं का तुमी आयकता.” रक्षा हसली. मामाजीही हसले. “अन् बाई, बैलाची अन् गाडीची काय बरोबरी? बैल आपल्याले वयखते.”

मग त्यांनी काम सुरू केलं. मोहिनीला वाटलं होतं ते खुर्चीवर बसून राहतील. पण त्यांनी एकेका गाडीचं दार उघडून घेतलं, उजवा हात मोहिनीच्या खांद्यावर ठेवून आत बसले, उतरले, पुन्हा बसले. लाल गाडीत बसताना त्यांना वाकावं लागलं, उतरताना दोनदा झोका घ्यावा लागला. लांबड्या गाडीत ते मागं टेकून बसले आणि पाय पसरून पाहिले. “ऐस हाय,” म्हणाले. मोहिनी घाईनं म्हणाली, “झोपता येते, मामाजी. येताना झोपाले होते तुमाले.” ते पुढच्या, ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीकडं पाहत होते. हातानं ती सीट मागून दाबून पाहिली. मग रक्षाला विचारलं, “हे ड्रायव्हरची सीट वर होते का?”

“या मॉडेलमध्ये नाही, आजोबा. वरच्या मॉडेलमध्ये होते. उंच गाडीत मात्र सगळ्या मॉडेलमध्ये आहे.”

“अस्सं.”

तेवढ्यात हेमराजचा फोन आला. पाठीमागं यंत्रांचा आवाज. “खालून उंची किती हाय ते इचार. अन् दार लावून पाह्य, आवाज कसा येते ते.” मोहिनी म्हणाली, “पाह्यते.” “बाबा काय मनते?” तिनं मामाजींकडं पाहिलं. ते उभट गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटजवळ वाकून रक्षाकडून एक दांडी कशी वर-खाली होते ते शिकत होते. “बाबा,” ती म्हणाली, “बाबा गाडी पाहून राह्यले.” तिला पुढं काहीतरी सांगायचं होतं, तुझ्या वडिलांसमोर मी काय बोलले ते. पण हेमराजला हे सांगितलं की तो गप्प होईल, आणि त्याच्या गप्प होण्याची समजूत तिलाच घालावी लागेल. तिनं फोन ठेवला.

चालवून पाहायला त्यांनी उभट गाडी काढली. रक्षा पुढं डावीकडं, मामाजी मागं, आपल्या जागी. मोहिनीनं सवयीनं सीटवर हात नेला, गोधडीची घडी चाचपायला. व्हॅनमध्ये ती नेहमी त्या घडीवर बसते, नाहीतर नाकापुढचा रस्ता दिसत नाही. घडी नव्हती. मामाजी मागून म्हणाले, “ते दांडी वढ. डाव्या हातानं नाई, उजव्या.” तिनं ओढली, आणि सीट वर आली, आणखी वर आली, आणि एकदम सगळा रस्ता तिच्यापुढं खाली पसरला, पवनारच्या दिशेनं गेलेला, दुभाजकातल्या कण्हेरींसकट. मान ताणावी लागत नव्हती. ते तिला इतकं अनोळखी वाटलं की पहिला किलोमीटर ती ताठच बसून राहिली. मग खांदे आपोआप खाली आले. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच तिला कळलं की ते वर होते. एक एसटी समोरून आली आणि गेली. मागून कोणी काही बोललं नाही. तिनं आरशात पाहिलं. मामाजी आरशातूनच तिच्याकडं पाहत होते. तिनं नजर रस्त्यावर आणली. त्यांनी ऐकलं असेल तर ते असे पाहतील का? आणि ऐकलं नसेल तर? माणूस शांत दिसतो म्हणजे त्याला ठाऊक नसतं, की ठाऊक असतं म्हणूनच शांत असतो? तिनं गाडी वळवली.

परत आल्यावर रक्षानं त्यांना काचेच्या टेबलाशी बसवलं, थंड पेयाचे दोन ग्लास ठेवले आणि ती कागद आणायला गेली. मामाजींनी ग्लास उचलला, एक घोट घेतला, जिभेवर धरला, मग गिळला आणि ग्लास लांब सरकवला. दिवसाच्या मापातला एक घोट त्यांनी इथं खर्च केला. मोहिनीला राहवेना.

“मामाजी, मघाशी मी त्या पोरीले काय मनलं—”

“आयकलं.”

दुसरीकडं कुठंतरी एका गाडीचं दार कोणी उघडत होतं, लावत होतं.

“तोंडातून गेलं वो,” ती म्हणाली. “मले तसं नोतं मनाचं.”

“तोंडातून कसं जाईन? मनात होतं मनून तोंडात आलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, विहिरीला पाणी किती आहे ते सांगावं तसे ते सांगत होते. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबल काचेचं होतं, त्यात तिचे हात, तिच्या चपला, सगळं उघडं दिसत होतं, लपवायला जागाच नव्हती. “रडू नोको,” ते म्हणाले. “मले बरं वाटलं.”

“बरं?”

“हो मंग. लय दिवस झाले, मले वाटे का ह्या घरात कोनी पुढचं पाह्यतच नाई. हेमराज नाई पाह्यत, त्याले भेव वाटते. लहानपनापासून असाच हाय तो, सुई टोचाची मनलं का डोये मिटे. लेकरं तं लेकरंच. मी मनो, आपुन गेल्यावर हे सारे बावचळून जाईन.” ते थांबले, दम घेतला. “तू पाह्यतं. घरात एका जनानं पाह्यलं पाह्यजे. सुमित्रा होती तवा ते पाहे.”

मोहिनीनं पदरानं डोळे टिपले. आत्याबाईंचं नाव ते सहसा घेत नाहीत. तिच्याशी तर सात वर्षांत दोन-तीनदाच. त्या रांगेत आपल्याला बसवलं हे तिला उशिरा उमगलं, आणि उमगल्यावर आणखीच रडू आलं, पण वेगळं.

“पन तू लांबी गाडी पाह्यतं ते कायले?” ते म्हणाले.

“तुमाले झोपता यावं मनून.”

“मी आजवर झोपून आलो किती डाव? दोन डाव. अन् तू बसून गेली-आली किती डाव? समदे.” त्यांनी उजव्या हाताचं बोट तिच्या मानेकडं केलं. “मी मांगंच बसतो ना. देवळी आली का तुया डावा खांदा वर जाते. सावंगीच्या आंधी तू मान कडकड मोडतं. घरी येऊन पुन्हा मशिनीवर वाकतं. अन् रस्ता कमी, मलेच जास्त पाह्यतं आरशात. एखांद्या दिवशी दोघंबी जाऊ.” ते स्वतःच्याच बोलण्यावर थोडे हसले. “मी जाईन तवा जाईन. पन तुले हे गाडी धा-बारा वर्ष चालवाची हाय. तुयी मान शाबूत राह्यली पाह्यजे. उंचीच घे. मले चढा-उतराले बी ते सोपी हाय, पाह्यलं ना तू.”

तिनं पाहिलं होतं. लाल गाडीतून उतरताना दोन झोके. उभटमधून ते नुसते पाय खाली सोडून उभे राहिले होते. हे आपल्याला दिसायला हवं होतं, तिला वाटलं, आपण तर अंगाकडं पाहून मापं सांगणाऱ्या. पण चौदा महिने ती आरशात फक्त त्यांचे ओठ पाहत आली होती, पांढरे पडले की नाही. आणि तेवढा वेळ ते तिचे खांदे पाहत होते. दोन माणसं एका गाडीत, एकामागं एक, पस्तीस किलोमीटर जायला, पस्तीस यायला, आणि दोघंही एकमेकांची राखण करतायत, आणि दोघांनाही वाटतंय की आपण एकटेच जागे आहोत.

त्याबरोबर तिला धीर आला. घरात ज्या आवाजात ती मुलांना अभ्यासाला बसवते त्याच आवाजात ती म्हणाली, “घेते. उंचीच घेते. पन मांगं तुमी बसान तं.”

“मनजे?”

“मनजे मंगळवार अन् शुक्रवार. आंघोळ टायमावर. चप्पल हरवाची नाई.”

पकडल्या गेलेल्या माणसासारखी मामाजींनी टेबलाच्या काचेवर अंगठ्यानं उगाच एक रेघ ओढली.

“लय कंटाया येते वो, मोहिनी,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज म्हातारा वाटला. “तठी चार घंटे. आपलंच रगत आपल्या डोयापुढं फिरून राह्यलं. बाजूच्या खाटंवरचा मानूस मांगच्या मयन्यात आला नाई. मी सिस्टरले इचारलं नाई काऊन नाई आला.”

हे तिला माहीत नव्हतं. ती बाहेर बाकावर बसून ब्लाऊजांना हूक लावत असते, काम घेऊन जाते ती सोबत. आत काय असतं हे तिनं कधी विचारलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. तिनं हात पुढं केला आणि त्यांच्या डाव्या मनगटावर, शर्टाच्या बाहीवरून, अगदी हलका ठेवला. सुनेनं सासऱ्याच्या हाताला असा हात लावायची त्यांच्या घरात रीत नव्हती. आधार द्यायचा तेवढा द्यायचा. बाहीखालून ती घरघर तिच्या बोटांना लागली. रीताला ऐकू यायची ती. न थकता चाललेली.

“मी आत येऊन बसत जाईन,” ती म्हणाली. “येऊ देत असन तं इचारते सिस्टरले.”

“अन् हूक कोन लावन?”

“आतच लावीन.”

ते काही बोलले नाहीत. हो नाही, नाही नाही. मोहिनीही थांबली. असं थांबणं तिला ठाऊक होतं. गिऱ्हाईक कापड हातात धरून उभं असतं, मन झालेलं असतं आणि नसतं, तेव्हा आपण बोलायचं नाही.

रक्षा कागद घेऊन आली, सोबत रंगांच्या चौकटी छापलेली एक लांब पट्टी. “मग कोणती ठरली, मॅडम?” मोहिनीनं उभट गाडीकडं बोट दाखवलं, आणि मग मामाजींकडं पाहिलं. त्यांनी पट्टी आपल्याकडं ओढली आणि डोळ्यांजवळ धरली.

“आजोबा, पांढरी घ्या,” रक्षा म्हणाली. “पांढरी स्टॉकमध्ये आहे. पुढच्या बुधवारी घरी.”

मोहिनी पांढरीच म्हणणार होती. पुढच्या बुधवारी म्हणजे येता शुक्रवार आणि मंगळवार एवढेच दोन फेरे त्या व्हॅननं. ती म्हणायला तोंड उघडते तो मामाजी म्हणाले, “हे राखडी कवा येते?”

“ग्रे? ती पंधरा दिवसांत.”

“अन् हे निळी?”

“निळीला वेळ लागतो, आजोबा. ती मागवावी लागते वरून. दोन महिने तरी.” रक्षानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि तिचा शोरूमचा आवाज कुठच्या कुठं गेला, ती तिच्या घरी बोलत असेल तसं बोलली, “जास्तबी लागन, नेम नाई. मे संपते.”

“पुन्हा लांबली तं?”

“तं जून.”

मामाजींनी मान हलवली. मनात काहीतरी मांडत होते. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. मोहिनीला वाटलं त्यांचे ओठ किंचित हलले. महादेवरावांनी व्हॅन नीट करून दिली होती, आणखी तीन-चार महिने ओढेल म्हणाले होते. तरी तिला सगळं पुन्हा दिसलं. देवळीचा रस्ता, ती बाभूळ, ते ऊन आणि वर मे महिना. ती म्हणणार होती, मामाजी, निळीचं काय एवढं. पण त्यांनी निळ्या चौकटीवर बोट टेकवलं होतं.

“निळीच लिव,” ते रक्षाला म्हणाले. “मी थांबतो.”

रक्षानं लिहिलं. मोहिनीनं पेन घेतलं, आणि जिथं जिथं फुल्या केल्या होत्या तिथं तिथं सह्या केल्या, एकही ओळ न वाचता. अक्षर दिसत नव्हतं. मामाजींनी रंगांची पट्टी परत दिली नाही. सह्या संपेपर्यंत त्यांनी ती तशीच धरून ठेवली, निळ्यावर बोट ठेवून, कोणी मधूनच येऊन तो रंग बदलून टाकेल म्हणून राखण करत बसल्यासारखे.